गोरसपाकामागचे व्रत

गिरड (जि. वर्धा) - संत्राबर्फी जशी नागपूरची, तसा गोरसपाक वर्ध्याचा. बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या गिरडपासून आर्वीपर्यंत, जिल्ह्यात कुठेही या नावाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. गाईच्या तुपातील हा खुसखुशीत, भाजलेला पदार्थ वर्ध्याच्या गोरस भंडाराने लोकांच्या जिभेवर रुळवला. त्यामागे गोसेवेची जी परंपरा आहे, तिचा पाया घालणाऱ्यांत अग्रभागी नाव येते ते जमनालाल बजाज यांचे.

४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मलेल्या जमनालालांना वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक घेतले गेले. वयाच्या सतराव्या वर्षी आजोबांशी खटका उडाला, तेव्हा साऱ्या संपत्तीवरचा हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून हा तरुण घराबाहेर पडला. बच्छराजांनी त्याला समजावून परत आणले. मात्र संपत्ती आपली नव्हे, आपण तिचे केवळ विश्वस्त, ही जाणीव जमनालालांनी आयुष्यभर जपली.

१९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनाच्या सुमारास त्यांनी आपल्याला पाचवा पुत्र मानावे, अशी गळ महात्मा गांधींना घातली. पुढे ब्रिटिशांनी दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास पत्करला. १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. गांधीजी वर्ध्याला आले तेही त्यांच्याच आग्रहावरून.

व्यापार, उद्योग, काँग्रेसचे खजिनदारपद असा व्याप सांभाळणाऱ्या या माणसाने अखेरच्या काळात गाय हाच आपला विषय ठरवला. १९४१ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने गोसेवा संघाचे काम त्यांनी हाती घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरी येथे ते झोपडीत राहू लागले. संघाच्या सदस्याने गाईचेच दूध-तूप वापरावे आणि नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचेच कातडे वापरावे, असा दंडक होता.

वरवर हा नियम भाविकपणाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात व्यापाऱ्याची दृष्टी होती. म्हशीच्या दुधात साधारण ७ टक्के स्निग्धांश, तर गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. साहजिकच बाजारात मान म्हशीच्या दुधाला. वर्ध्याच्या परिसरातील गवळाऊ गाय चपळ बैलांसाठी प्रसिद्ध असली, तरी तिच्या दुधाला गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी तिला किती दिवस पोसणार? गाय पूजेने जगत नाही, तिच्या दुधाला दाम मिळाला तरच जगते, हे या विचाराचे मर्म होते.

१९४२ च्या फेब्रुवारीच्या प्रारंभी वर्ध्यात गोसेवा संघाची परिषद भरली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ११ फेब्रुवारीला, वयाच्या ५२ व्या वर्षी जमनालालांचे अकस्मात निधन झाले. पत्नी जानकीदेवी यांनी आपली संपत्ती गोसेवेला अर्पण करून हे कार्य पुढे चालवले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले.

गोरसपाकाच्या कृतीचे श्रेय जमनालालांना देण्याचे कारण नाही. पण दूध काही तासांत नासते, तूप टिकते आणि तुपात भाजलेला पदार्थ प्रवासालाही निघतो. गाईच्या दुधाला हक्काचे गिऱ्हाईक हवे, हा त्यांचा आग्रह या साध्या पदार्थाने घरोघरी पोहोचवला. बजाज हे नाव देशाने पुढे स्कूटरवर वाचले; वर्ध्यात मात्र त्या नावाच्या धन्याने अखेरचे दिवस गाईंच्या सहवासात घालवले होते. गोरसपाकाच्या पुड्याबरोबर ही आठवणही गावोगावी जावी.