खुर्चीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं : पोस्टरचा बादशहा तुलूझ-लोत्रेकच्या आजाराचं कोडं

तारीख १३ मे १८७८. दक्षिण फ्रान्समधल्या आल्बी गावात तेरा वर्षांचा एक मुलगा बुटक्या खुर्चीवरून खाली पडला. अशा पडण्यानं फार तर गुडघा खरचटतो. त्याचं डाव्या मांडीचं हाड मोडलं.

मांडीचं हाड म्हणजे शरीरातलं सगळ्यात लांब आणि दणकट हाड. ते सहसा मोठ्या अपघातात मोडतं. पुढच्याच वर्षी हा मुलगा आईसोबत पिरेनीज पर्वतातल्या बारेज गावी हवापालटासाठी गेला असताना एका कोरड्या चरात पडला आणि उजव्या मांडीचं हाडही मोडलं. पुढं त्याचं धड मोठ्या माणसाइतकं वाढलं, पाय मात्र आखूडच राहिले. उंची जेमतेम पाच फुटांवर थांबली.

तो घोड्यावरून पडला होता, अशी एक कथा आजही सांगितली जाते. ती ऐकायला भारी वाटते, पण खरी नाही.

हा मुलगा म्हणजे ऑन्री द तुलूझ-लोत्रेक. पॅरिसच्या 'मूलाँ रूज'चं ते जगप्रसिद्ध पोस्टर करणारा.

घराणं सरदारांचं. वडील काउंट आल्फाँस यांना घोडे आणि शिकारीचा जबरदस्त नाद. आई आदेल. आणि इथंच विषय सुरू होतो, कारण हे नवरा-बायको एकमेकांची सख्खी मावसभावंडं होती. आपल्याकडं मामाची मुलगी करण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण मावसबहिणीशी लग्न म्हटलं की लोक कानावर हात ठेवतात. जनुकांना हा फरक कळत नाही. मामेभावंडं असोत की मावसभावंडं, सामायिक वारसा साधारण एक अष्टमांशच असतो.

लोत्रेकांकडं तर साटंलोटंही झालं होतं. आल्फाँसची बहीण आलिक्स हिनं आदेलच्या भावाशी लग्न केलं. त्या दोघांना चौदा मुलं झाली, आणि त्यातल्या काहींची वाढ अशीच खुंटली. ऑन्रीचा धाकटा भाऊ तर वर्षभराचा असतानाच गेला. एकाच घराण्यातली दोन घरं, दोन्हीकडं नात्यातलं लग्न, दोन्हीकडं तोच प्रकार. आज कुठलाही डॉक्टर हे ऐकून आधी वंशावळ काढून बसेल. पण आनुवंशिकतेचे नियम तेव्हा डॉक्टरांपर्यंत पोचलेच नव्हते, आणि एक्स-रेचा शोध लागायला अजून सतरा वर्षं होती. डॉक्टर प्लास्टर घालायचे, गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवायचे. घरच्यांच्या लेखी हे दोन वाईट अपघात होते, बाकी काही नाही.

मोठा झाल्यावर ऑन्री पॅरिसला गेला, चित्रकला शिकला आणि मोंमार्त्र या वस्तीत रमला. कॅबरे, सर्कस, वेश्यावस्ती. हातात छोटी काठी, डोक्यावर टोपी, दाढी राखलेली. बरोबर अनेकदा गाब्रिएल नावाचा त्याचा उंच, शिडशिडीत भाऊ असायचा. हा त्या चौदा भावंडांपैकीच एक, आणि पेशानं डॉक्टर.

१८९१ साली मूलाँ रूजनं त्याला पोस्टरचं काम दिलं. छपाई लिथोग्राफीची, म्हणजे दगडावर चित्र काढून प्रत्येक रंगाचा वेगळा छाप घ्यायचा. सुमारे ३००० प्रती निघाल्या आणि पॅरिसच्या भिंतींवर चिकटवल्या गेल्या. पोस्टर जवळजवळ १९० सेंटीमीटर उंच होतं, म्हणजे चित्रकारापेक्षा बरंच मोठं. मध्यभागी पाय उंच फेकून नाचणारी 'ला गुल्यू', आणि पुढं करड्या सावलीसारखा तिचा जोडीदार व्हॅलेंटिन. हा इतका लवचिक नाचायचा की लोक त्याला 'बिनहाडाचा व्हॅलेंटिन' म्हणत. आपल्या हाडांपुढं हात टेकलेल्या माणसानं, ज्याला जणू हाडंच नाहीत अशा माणसाचं चित्र काढलं, आणि त्याच चित्रानं तो रातोरात प्रसिद्ध झाला.

दारू मात्र हाताबाहेर गेली. १८९९ मध्ये त्याला नॉयी इथल्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. तिथं समोर काही नसताना त्यानं आठवणीतून सर्कशीची चित्रं काढली. घोडे, कसरतपटू, दोरीवरच्या मुली. डोकं ठिकाणावर आहे हे या चित्रांतून पटवून देत तो काही आठवड्यांत बाहेर पडला. पण दारू सुटली नाही, त्यात सिफिलिसही होता. ९ सप्टेंबर १९०१ रोजी आईच्या मालरोमे इथल्या वाड्यात तो गेला. वय ३६. मागं सातशेहून जास्त रंगचित्रं आणि हजारो रेखाटनं.

मग त्याला नेमकं झालं काय होतं? १९६२ साली मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी एका दुर्मिळ आजाराचं वर्णन करून त्याला नाव दिलं, पिक्नोडिसोस्टोसिस. तीन वर्षांनी त्यांनीच हा आजार लोत्रेकला असावा असं मांडलं.

आपलं हाड रोज थोडं खरवडलं जातं आणि नव्यानं भरलं जातं. खरवडणाऱ्या पेशींकडं 'कॅथेप्सिन के' नावाचं एक एन्झाइम असतं. या आजारात तेच बिघडतं, हे १९९६ मध्ये सापडलं. जुना रस्ता न उखडता वर्षानुवर्षं डांबराचे थर चढवत राहावं, तसं हाड दाट होत जातं, पण मजबूत होत नाही. खडूसारखं पटकन तुटतं. मोठ्या वयात खरा घोळ इथंच होतो. बोन डेन्सिटी जास्त येते, त्यामुळं हाडं ठणठणीत आहेत असं वाटतं, आणि किरकोळ पडण्यानं मांडी मोडते. दात काढल्यावर जबडा चिघळण्याचा धोकाही असतो. आजार मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही.

सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच हा आजार होतो. म्हणून आल्फाँस आणि आदेल स्वतः धडधाकट होते. प्रत्येक मुलाला चारात एक अशी शक्यता होती.

या आजारात टाळूची हाडं नीट जुळत नाहीत आणि हनुवटी लहान राहते. लोत्रेकची टोपी आणि दाढी त्यासाठीच होती, असंही म्हटलं गेलं. पण टोपी आणि दाढी तेव्हा निम्म्या पॅरिसकडं होती. १९९५ मध्ये त्याच्या चरित्रकार ज्युलिया फ्रे यांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये या निदानावर जाहीर शंका घेतली. मारोतो आपल्या मतावर ठाम राहिले. आजार आनुवंशिक होता, यावर मात्र फारसा वाद नाही.

निदान पक्कं करणारा पुरावा अजून कुणाच्या हाती नाही. लोत्रेक व्हर्दले गावच्या दफनभूमीत आहे. आणि पिक्नोडिसोस्टोसिसला बोलीभाषेत 'तुलूझ-लोत्रेक सिंड्रोम' म्हटलं जातं.