पंडिता रमाबाई : धर्म बदलला, पण बुद्धी गहाण ठेवली नाही



वर्षावासात आमच्या शहादे तालुक्यातील एका विहारात ग्रंथवाचन चालू होते. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एक आजी रोज मागच्या रांगेत बसून ऐकत असत. एके दिवशी वाचन संपल्यावर त्यांनी मला विचारले की, गुरुजी, पूर्वी आम्ही भगताला विचारत होतो, भटजीला विचारत होतो. आता तुम्हाला आणि भन्तेजींना विचारायचे. मग आमच्यात बदल झाला तो कोणता?

मला लगेच उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर विचार करता करता एका बाईंचे चरित्र आठवले. त्या बौद्ध नव्हत्या, ख्रिस्ती झाल्या होत्या. तुम्ही म्हणाल, धम्माच्या पाक्षिकात ख्रिस्ती बाईचे चरित्र कशाला? वाचकहो, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः नवापूरकडे, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या शेजारीच राहतात. आपण वेगळ्या वाटेने गेलो असलो तरी धर्म बदललेल्या प्रत्येक माणसापुढे एक प्रश्न उभा राहतो. जुना पुरोहित सुटला, आता नव्याच्या हाती आपले डोके द्यायचे काय? पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न जन्मभर सोडला नाही. म्हणून त्यांची हकीकत तुम्हाला सांगतो.

शास्त्रे पाठ, पोट उपाशी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. बाईमाणसाला देवभाषा शिकवली म्हणून जातभाईंचा रोष त्यांच्यावर आला. पुढे याच आईने रमाबाईंना शिकवले आणि भागवताचे हजारो श्लोक या मुलीला मुखोद्गत झाले.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. जे मिळे ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यात जाई. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पदरी काही उरले नव्हते, आणि उच्च जातीच्या अभिमानामुळे मोलमजुरीला हातही लावता येत नव्हता. वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ज्या देवांपुढे सारे वाहिले त्यांच्यापैकी एकही धावून आला नाही, ही खूणगाठ त्या मुलीच्या मनात तेव्हाच पडली.

भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे धर्मावर व्याख्याने द्यावीत म्हणून रमाबाई धर्मशास्त्रे बारकाईने वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की, ही शास्त्रे इतर बाबतींत एकमेकांशी भांडतात. पण स्त्रिया आणि शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र सर्वांचे एकमत आहे. वाचकहो, जे सत्य आपल्या वाडवडिलांच्या पाठीवर उमटले होते, ते या ब्राह्मण मुलीला पोथीत सापडले.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी शूद्र मानलेल्या जातीचे होते. जातीची भिंत बाईंनी स्वतःच्या संसारात मोडली. पण संसार टिकला दोन वर्षेही नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले, आणि तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरी मनोरमा ही लहान मुलगी.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणासंबंधी साक्ष दिली. याच कमिशनला महात्मा फुल्यांनीही बहुजनांच्या शिक्षणासाठी निवेदन दिले होते, हे आपण विसरू नये.

बाप्तिस्मा, आणि त्यानंतरचे प्रश्न

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने रमाबाई विलायतेला गेल्या. वाँटेज या गावी चर्च ऑफ इंग्लंडच्या जोगिणींचा मठ होता, तेथे त्यांचा मुक्काम झाला. कानाने कमी ऐकू येत असल्याने वैद्यकी जमण्यासारखी नव्हती. मात्र तेथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना या जोगिणी जवळ करीत, सांभाळीत, पुन्हा उभ्या करीत. हे कशाच्या बळावर, असे विचारले तेव्हा त्यांना बायबलमधील येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखविण्यात आली. ज्या शास्त्रांनी अशा स्त्रीला कठोर शिक्षाच सांगितल्या, ती शास्त्रे त्यांना पाठ होती. तुलना आपोआप झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. महात्मा फुल्यांनी मात्र १८८५ साली काढलेल्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू उचलून धरली.

आता खरा भाग पुढेच आहे. मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना वाटले की शिष्या मिळाली. आता चर्च सांगेल ते ती मान्य करील. पण शिष्या पडली शास्त्र्याची लेक! पोथी तपासून पाहिल्याशिवाय मान हलवायची तिला सवय नव्हती. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवीत असतानाच त्या बायबल घेऊन बसल्या आणि चर्चची एकेक शिकवण त्याच्याशी ताडून पाहू लागल्या.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अथानेशियसच्या नावाने चालत आलेला एक विश्वासांगीकार आहे. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, असे त्रैक्याचे मत त्यात सांगितले आहे, आणि जो असे मानणार नाही त्याचा नाश होईल असेही बजावले आहे. रमाबाईंचा सवाल सरळ होता. हे शब्द ज्या ग्रंथाला तुम्ही देवाचे वचन म्हणता त्यात आहेत, की मागाहून धर्मगुरूंनी रचले? रचले असतील तर ते मान्य करण्याची सक्ती कशासाठी? येशूच्या कुमारीजन्मासारख्या चमत्कारांविषयीही त्यांनी शंका काढल्या.

सिस्टर जेराल्डिन रागावल्या. हा अहंकार आहे, चर्चच्या आज्ञेपुढे नम्र व्हावे, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा की, हिंदुस्थानातील पुरोहितांचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे. आता दुसऱ्या पुरोहितांचे जू, ते सांगतात तीच देवाची आज्ञा असे समजून, मी घालून घेणार नाही. बायबल मी मानीन, परंतु ते माझ्या डोळ्यांनी वाचून आणि माझ्या विवेकाला पटवून.

हे लिहिणारी बाई कोण, तर परक्या देशात, परक्या अन्नावर, लहान मुलीला घेऊन राहणारी विधवा. ज्यांच्याशी ती वाद घालत होती त्यांच्याच आश्रयाने तिचा चरितार्थ चालत होता. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, हा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विलायतेपर्यंत आपला विरोध कळविला. तेथेही ती गप्प बसली नाही. मनोरमेला धर्म कसा शिकवावा यावरूनही खटके उडाले. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र रागावण्याऐवजी शांतपणे पत्रोत्तरे लिहिली. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्रात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

केडगाव आणि शेवटचे काम

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या, पुस्तक लिहून व व्याख्याने देऊन मदत उभी केली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. सदनातील मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप 'केसरी'ने केला. बाईंचे म्हणणे असे की, माझ्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असते, कोणाला बोलावत नाही आणि आलेल्याला हाकलत नाही. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट बोलली पाहिजे. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. आपल्या आयाबहिणींसाठी ते दार सुरुवातीस उघडे नव्हते. पण १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडे उरलेल्या मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे सुमारे २००० मुली-बाया राहत होत्या. भूक जात विचारत नाही. भुकेल्या पोराला पोटाशी धरणाऱ्या बाईलाही मग जात विचारता आली नाही. तेथे शेती, विणकाम, छपाई अशी कामे बाया स्वतः करीत. ही वसाहत बाईंनी कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाच्या दावणीला बांधली नाही.

आणखी एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. विलायतेत ज्या मतांना त्यांनी नकार दिला होता, त्यांपैकी पुष्कळशी मते १८९१ च्या सुमारास त्यांनी स्वीकारली आणि त्या अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती झाल्या. मग आधीचा वाद फुकट गेला काय? नाही. बिशपांचा दबाव आला म्हणून त्या नमल्या नव्हत्या. पुढे जे स्वीकारले ते स्वतःच्या वाचनाने आणि अनुभवाने. ते आपल्याला पटेल न पटेल, पण ते त्यांचे स्वतःचे होते.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. खेड्यातील साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचे. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायचे नाही, मुळापर्यंत जायचे, हा बाणा अखेरपर्यंत सुटला नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ते दुःख गिळून काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, आणि मुक्तीच्या छापखान्यात छापलेले संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले.

आपण कोठे वेगळे होतो

वाचकहो, रमाबाईंनी धर्मगुरूंना ग्रंथाच्या कसोटीवर घासले. पण ग्रंथ त्यांच्यासाठी अखेरचा राहिला. तेथून पुढची वाट आपल्याला तथागतांनी दाखविली. केसपुत्त नगरातील कालामांना त्यांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः तपासा आणि हिताचे ठरले तरच आचरणात आणा. त्यांनी स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले.

बोधिसत्व बाबासाहेबांनीही तेच केले. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि १९५६ साली नागपुरात दीक्षा झाली. मधली एकवीस वर्षे त्यांनी वेगवेगळे धर्म तपासण्यात घालविली. आणि बौद्ध धम्म निवडल्यावरही तपासणी थांबविली नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही शतकानुशतके चालत आलेली कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली. धर्मग्रंथ चुकूच शकत नाही असे मानणे हा धम्म नव्हे, हेही त्याच ग्रंथात ते सांगतात. स्वतःच्या धम्मग्रंथात असे लिहिणारा दीक्षागुरू जगात किती जणांना लाभला असेल!

म्हणून माझी विनंती आहे. उद्या कोणी चीवर घालून आला आणि दोरा बांधा, आजार जाईल असे म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारा की, हे बाबासाहेबांनी कोठे सांगितले आहे? बावीस प्रतिज्ञांत हे बसते काय? कोणी मुहूर्त काढून देतो म्हणाला, तरी हेच विचारा. माझ्यासारखा मास्तर व्याख्यान झोडू लागला तर त्यालाही सोडू नका. आणि उत्तर ग्रंथात सापडले तरी तेथे न थांबता आणखी एक प्रश्न विचारा : हे बुद्धीला पटते काय, आणि याने माणसाचे भले होते काय? घरातील सुनेला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला असे विचारू द्या. लेकीबाळींनी प्रश्न विचारलेले ज्या घरात चालत नाहीत, त्या घराची दीक्षा अपुरी राहिली असे समजावे.

पुढच्या पौर्णिमेला मी त्या आजींना गाठून उत्तर दिले. आजी, बदल झाला तो हाच, की तुम्ही मला हा प्रश्न विचारलात. भगताला तुम्ही कधी असे विचारले होते काय? आजी हसल्या. आणि लगेच त्यांनी मला दुसरा प्रश्न विचारला.

नमो बुद्धाय, जय भीम.