न खपलेला नांगर
(थोरांची ओळख : लक्ष्मणराव किर्लोस्कर)



आपल्या जिल्ह्यातली नेवासे, शेवगावकडची काळी जमीन तुम्ही पाहिली असेल. अशा रानात हरळी नि कुंदा माजला, की पिकाचं काही खरं नाही. पूर्वी शेतकऱ्याजवळ लाकडी नांगर असे. तो जमीन नुसती उकरी, खालची मुळं तशीच राहत. लोखंडी नांगर मात्र तास कापून मातीचं ढेकूळ उलथं करतो. मुळं वर येतात आणि उन्हाळ्यात वाळून जातात. असा नांगर आपल्याकडे तयार करून खेड्यापाड्यांत पोचविणारे उद्योगपती म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण तिथं कळलं, की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग चित्रकार कसं व्हायचं? लक्ष्मणराव रडत बसले नाहीत. रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं काढायला ते शिकले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. तिथं हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून ते बेळगावला आले.

बेळगावात १८८८ मध्ये त्यांनी आणि थोरले बंधू रामुअण्णा यांनी सायकलींचा धंदा सुरू केला होता. सायकल तेव्हा नवलाची वस्तू. ज्याला बसता येत नाही, तो ती विकत कशाला घेईल? म्हणून किर्लोस्कर बंधू सायकल विकतही आणि चालवायला शिकवीतही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तीच कामी आली.

नंतर त्यांनी कडबा कापण्याचं यंत्र काढलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर मजबूत होता. पण झालं भलतंच! कोणी तो घेईना. लोखंडानं जमिनीला विष बाधतं, रान नापीक होतं, अशी लोकांची समजूत होती. खरं म्हणजे लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असतो. पण समजूत ती समजूत. जवळजवळ दोन वर्षं नांगर पडून राहिले. पैसा अडकला.

दुसऱ्या कोणी शेतकऱ्यांना अडाणी म्हणून नावं ठेवली असती आणि धंदा गुंडाळला असता. लक्ष्मणरावांनी तसं केलं नाही. शेतकऱ्याची भीती बोलून जाणार नव्हती, ती बघूनच जाणार होती. म्हणून नांगर थेट शेतात नेऊन चालवून दाखविला. उलथलेली माती लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पीक बिघडत नाही, उलट रान स्वच्छ होतं, हे पटलं. हळूहळू नांगर खपू लागले. आधी जी अडचण वाटली होती, तिनंच त्यांना माल कसा विकायचा हे शिकवलं.

धंद्याला बरकत येते न येते तोच १९१० मध्ये बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जागा दिली आणि भांडवलाला दहा हजार रुपये दिले. जागा म्हणजे निवडुंगाचं माळरान, त्यात साप! ते साफ करून कारखाना आणि गाव उभं केलं. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. लोखंड नि कोळसा मिळेना. पण परदेशी नांगर येणंही कमी झालं आणि आपल्या नांगराला मागणी वाढली. लक्ष्मणरावांनी मोडीचं लोखंड गोळा केलं, दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! १९२० मध्ये कारखान्याची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याचंच पुढं नामांकित 'किर्लोस्कर' मासिक झालं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, भारत सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

मित्रांनो, आपल्या शेतातली भाजी असो की आईनं केलेले पापड असोत, गिऱ्हाईक नको म्हणालं तर रागावू नये. ते का नको म्हणतं, हे आधी समजून घ्यावं. मग माल त्याच्यासमोर ठेवावा आणि त्याला पारखू द्यावा. आज घरी गेल्यावर आजोबांना विचारा, आपल्या घरी लोखंडी नांगर पहिल्यांदा कधी आला? जे सांगतील ते वहीत लिहून आणा.