मांद्र्याचे डॉक्टर भाऊ दाजी

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1975 पासून त्याला हे नाव आहे. पण हे भाऊ दाजी आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? मला मात्र संग्रहालयापेक्षा त्यांच्या डॉक्टरकीविषयी लिहावंसं वाटतं.

भाऊंचा जन्म 1822 चा. लहानपणीच ते मुंबईला गेले. बुद्धिबळात मुलगा इतका तरबेज, की एका इंग्रजाने वडिलांना गळ घातली, याला इंग्रजी शिकवा, असं सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते तिथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातल्या बालहत्येवर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळवलं. 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि हे मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले. पहिल्याच तुकडीत डॉक्टर होऊन बाहेर पडले. धाकटे बंधू नारायण दाजीही डॉक्टर. दोघा भावांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला.

पैसा, मान, सगळं मिळालं. शिलालेख वाचले, मुलींच्या शाळांना बळ दिलं, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. पण त्यांचं मन गुंतलं ते कुष्ठरोगात. लोक ज्यांच्या सावलीलाही उभे राहत नसत, त्यांना भाऊ तपासत. शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, ते वाचताना मला आता भाऊही आठवतात. जुने संस्कृत वैद्यकग्रंथ पाहून त्यांनी देशी औषधं पारखली आणि कडू कवठीच्या जातीच्या बियांचं तेल वापरलं.

इथेच एक गोष्ट मला टोचते. खात्री पटेपर्यंत औषध त्यांनी गुपित ठेवलं. त्यांची सावधगिरी समजते. अर्धवट औषधाने रोग्यांचेच हाल झाले असते. पण काम अपुरं राहिलं आणि 31 मे 1874 ला ते गेले. आदल्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता आणि फादर डेमियन मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांत राहायला गेले होते. पुढे अशाच बियांचं तेल 1940 च्या दशकापर्यंत जगभर या रोगावर वापरलं जात होतं.

म्हणजे भाऊंची वाट बरोबर होती. ती त्यांनी वेळीच चारचौघांत मांडली असती तर तिच्यावरून आणखी कितीतरी डॉक्टर चालले असते. आपल्या गावच्या या मोठ्या माणसाबद्दल अभिमान बाळगताना ही हळहळही मला विसरायची नाही.