देवाच्या दरबाराचे यजमान

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटले की फुलामुलांचे कवी एवढीच ओळख आपल्या जुन्या घरांतून उरली आहे. त्यांनी आपले दार जगाला कसे उघडे ठेवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, ही हकीकत क्वचितच निघते. काकतीला भजनी मंडळीस शिकविताना त्यांचे अभंग मी अनेकदा गाऊन घेतले आहेत, म्हणून ती सांगावीशी वाटते.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कुळ चित्पावन ब्राह्मणाचे. राजनांदगावच्या आगगाडीत एका पाद्र्याने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. पदरात लहानगा दत्तू. जगाला प्रीती शिकवू पाहणाऱ्या या पुरुषाने सर्वांत खोल घाव घातला तो आपल्याच पत्नीला.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण आपले सोवळे सांभाळून. एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली असा संसार चालला. पुढे जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनाने घेतले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. क्षमेचा धडा त्या घरात प्रथम गिरविला तो पत्नीने.

मग अहमदनगरचे ते घर पाहुण्यांनी भरून गेले. अनाथ मुले आली, विद्यार्थी आले. बालकवी ठोमरेही तेथे राहून गेले. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि पाहुणा केव्हा येईल याचा नेम नसे. बोलावणारे ते, तवा तापविणाऱ्या लक्ष्मीबाई. कीर्तन आणि अभंग त्यांनी ख्रिस्ती मंडळीत रुजविले, तेही याच आपलेपणाने; देवघर बदलले तरी माय मराठी बदलू नये, असा त्यांचा बाणा.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. माझे वडील संस्थानचे गवई. दरबारात कोणी कोठे बसावे हे मानावर ठरते, हे ऐकतच मी वाढलो. टिळकांनी शब्द तोच घेतला, पण मानापानाची उतरंड काढून टाकली. पाठीशी पगार नाही, संस्था नाही. ही उडी साधी नव्हती.

९ मे १९१९ रोजी ते मुंबईस वारले आणि दरबाराचा जीवच गेला. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा तापटपणा झाकला नाही आणि मायाही लपविली नाही. सारे आठवत असूनही ज्या मनात कडवटपणा राहत नाही, त्या मनाच्या आधारावरच टिळकांचे दार उघडे राहिले होते.