पायाखालचे चित्र

बार्सेलोना शहरातील रांब्ला हा रस्ता दिवसभर माणसांनी फुललेला असतो. बाजारहाट करून परतणाऱ्या गृहिणी, परदेशी प्रवासी, ऑपेरा पाहायला निघालेले रसिक असे सारेजण लिसेऊ नाट्यगृहाजवळ एका चित्रावर पाय देऊन पुढे जातात. लाल, निळ्या, पिवळ्या व काळ्या रंगांतील हे वर्तुळाकार चित्र रस्त्याच्या फरशीतच बसविलेले आहे. पुष्कळांच्या ते ध्यानातही येत नाही. ज्याच्या चित्रांचा अर्थ लावताना भलेभले बिचकतात, त्या जोआन मिरोचे हे चित्र आहे. असे चित्र त्याने लोकांच्या पायांखाली का ठेवले असेल?

मिरोचा जन्म २० एप्रिल १८९३ रोजी याच रस्त्यापासून काही पावलांवर झाला. वडील सोनारकाम व घड्याळांचा व्यवसाय करीत. मुलाने हिशेबाची नोकरी धरावी अशी त्यांची इच्छा. मिरोने कारकुनी पत्करली. पण मन रमेना. १९११ साली तो खचला आणि पाठोपाठ विषमज्वराने अंथरुणाला खिळला. विश्रांतीसाठी आईवडिलांनी त्याला मोंत-रोच येथील शेतघरी नेले. तिथल्या तांबड्या मातीने त्याला चित्रकलेकडे परत आणले. पुढे गाली नावाच्या शिक्षकाने त्याला डोळे बांधून वस्तू चाचपायला लावल्या आणि मग स्मरणाने काढायला शिकविले. हाताला जे कळते ते डोळ्यांपेक्षा वेगळे असते, हा धडा त्याला जन्मभर पुरला.

१९२० साली तो पॅरिसला गेला. मोंत-रोचच्या शेताचे मोठे चित्र त्याने सुमारे नऊ महिने खपून पुरे केले. त्यात गोगलगाय, झारी, झाडाचे पान न् पान आहे. हे चित्र पुढे लेखक हेमिंग्वेने विकत घेतले. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा निघाला. स्वप्नातील आणि अबोध मनातील सत्य जागेपणीच्या सत्याइतकेच खरे, अशी या पंथाची धारणा होती. त्याच सुमारास मिरोने विदूषकाच्या उत्सवाचे चित्र रंगविले. त्यात शिडी आहे, मांजरे आहेत, मासा आहे, हवेत तरंगणारे चित्रविचित्र जीव आहेत. ते दिवस उपासमारीचे होते, आणि भुकेल्या पोटी भिंतीवर दिसणारे आकार त्याने टिपून ठेवले होते. शेतावरची गोगलगाय काय आणि भुकेच्या गुंगीतले आकार काय, त्याच्या लेखी दोन्ही पाहिलेल्याच गोष्टी होत्या.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या दालनात पिकासोचे 'गेर्निका' होते. तिथेच मिरोने कोयता उगारलेला कातालान शेतकरी भव्य आकारात रंगविला. प्रदर्शन संपल्यावर ते चित्र हरवले, ते आजतागायत सापडलेले नाही. १९४० साली जर्मन सैन्य फ्रान्समध्ये घुसल्यावर तो फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला आणि बराच काळ अप्रसिद्धीत राहिला. त्याच्या मातृभाषेला, कातालानला, सार्वजनिक व्यवहारात बंदी होती. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचे मोठे प्रदर्शन भरविले. स्वतःच्या गावी असा मान मिळण्यास १९६८ साल उजाडले. त्या वर्षी त्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली.

या काळात तो मातीकडे वळला होता. कुंभारकामातील मित्र आर्तिगास याच्या साह्याने त्याने पॅरिसच्या युनेस्को इमारतीसाठी सूर्य आणि चंद्र यांच्या दोन भिंती केल्या. त्या १९५८ मध्ये पुऱ्या झाल्या. भट्टीतून निघालेल्या पहिल्या फरशा फार नीटस वाटल्या, म्हणून दोघांनी त्या बाद करून काम पुन्हा आरंभिले. भिंतीवरचे चित्र कोणी दिवाणखान्यात नेऊ शकत नाही. ते सर्वांचे असते, हे मिरोला येथे उमगले असावे.

मग त्याने जन्मगावाला देणग्या दिल्या. विमानाने येणाऱ्यांसाठी १९७० साली विमानतळावर पन्नास मीटर लांबीची भिंत झाली. समुद्रमार्गे येऊन रांब्ला चढणाऱ्यांसाठी १९७६ साली रस्त्यातील चित्र झाले. मधल्या काळात, १९७५ साली, त्याच्या नावाची कलासंस्था खुली झाली. १९८३ मध्ये जुन्या कत्तलखान्याच्या जागी झालेल्या बागेत बावीस मीटर उंचीचे स्त्री आणि पक्षी यांचे शिल्प उभे राहिले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पाल्मा येथे मिरोने देह ठेवला.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी एका हल्लेखोराने रांब्लावरील गर्दीत गाडी घातली. अनेक निरपराध माणसे चिरडून ती गाडी थांबली, ती याच चित्रावर. पुढचे कित्येक दिवस लोक तेथे येऊन फुले वाहत होते, मेणबत्त्या लावीत होते. त्या वर्तुळाचा अर्थ त्यांपैकी किती जणांना सांगता आला असता? तरीही शोक करायला ते तिथेच आले. अतिवास्तववादी चित्रापुढे उभे राहून याचा अर्थ काय असे आपण विचारतो आणि उत्तर न मिळाल्याने पाठ फिरवितो. मिरोच्या चित्राला त्याचा अर्थ त्याच्यावरून रोज चालणाऱ्यांनी दिला, आणि त्यासाठी चाळीस वर्षे लागली.