विश्लेषण : एडिसन यांच्या नावाचे पदक त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याला कसे मिळाले? रेल्वे सिग्नल, एअर ब्रेक आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस

अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९११ सालचे एडिसन पदक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांना जाहीर केले. ज्या थॉमस एडिसन यांच्याशी वेस्टिंगहाउस यांनी अनेक वर्षे व्यावसायिक लढाई केली, त्यांच्याच नावाचे हे पदक. कारण दिले होते एसी, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहाच्या विकासाचे. मात्र वेस्टिंगहाउस यांचा एसीपर्यंतचा रस्ता रेल्वेतून, त्यातही सिग्नल बनवणाऱ्या एका कंपनीतून गेला होता. पदकाच्या कारणात त्याचा उल्लेख नव्हता. सिग्नलच्या मुळाशी असलेला शोध ज्यांचा होता, त्या विल्यम रॉबिन्सन यांचे नाव तर या पदकाच्या यादीत कधीच आले नाही.

कोण होते वेस्टिंगहाउस?

जन्म ६ ऑक्टोबर १८४६, न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज या गावचा. वडिलांचा शेतीची यंत्रे बनवण्याचा कारखाना होता. जॉर्ज तिथेच यंत्रांच्या संगतीत वाढले. अमेरिकी यादवी युद्धात ते आधी सैन्यात आणि नंतर नौदलात होते. परत आल्यावर युनियन कॉलेजात नाव घातले, पण तीनच महिन्यांत सोडले. १९व्या वर्षी वाफेच्या फिरत्या इंजिनाचे पहिले पेटंट मिळाले होते. पदवी नसलेल्या या माणसाच्या नावावर पुढे ३६०हून अधिक पेटंटे जमा झाली.

१८६६ मध्ये स्केनेक्टडी आणि ट्रॉय या शहरांदरम्यान दोन मालगाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. त्यामुळे वेस्टिंगहाउस यांची गाडी खोळंबली. हवा स्वच्छ होती, मार्ग सरळ होता. दोन्ही चालकांना समोरची गाडी दिसली होती, तरी ती थांबवता आली नाही. त्या काळी ब्रेक हाताने लावत. इंजिनाची शिट्टी वाजली की ब्रेकमन डब्यांच्या टपावरून पळत एकेका डब्याचे चाक फिरवत जायचा. लांब गाडी थांबेपर्यंत बरेच अंतर कापले जाई, आणि पावसाळ्यात वा बर्फात टपावरून घसरलेल्या ब्रेकमनांची तर गणतीच नव्हती.

आल्प्समधील माँ सेनी बोगद्यात दाबलेल्या हवेने खडक फोडतात, हे वेस्टिंगहाउस यांच्या वाचनात आले. नळीतून लांबवर नेलेली हवा खडक फोडू शकते तर चाकही रोखू शकेल, हा त्यांचा तर्क होता. एप्रिल १८६९ मध्ये पेटंट मिळाले आणि त्याच सुमारास पिट्सबर्गजवळ चाचणी झाली. चाचणीच्या गाडीपुढे अचानक एक घोडागाडी रुळांवर आली. चालकाने हवेचा झडपा फिरवला आणि गाडी काही फुटांवर थांबली. त्याच वर्षी वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनी उभी राहिली. मालक तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

साखळी ओढली की गाडी का थांबते?

पहिल्या ब्रेकमध्ये मोठा दोष होता. ब्रेक लावायला इंजिनातून हवा पाठवावी लागे. नळी फुटली किंवा डबे सुटले, म्हणजे ब्रेकची सर्वाधिक गरज असेल तेव्हाच तो निकामी. वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये हे गणितच उलटे केले. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह नावाची झडप बसवली. नळीत हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात आणि दाब उतरला की लागतात. नळी फुटो, डबे तुटोत, गाडी आपोआप थांबणार. आपल्याकडे एअर ब्रेकच्या गाडीत प्रवासी साखळी ओढतो तेव्हाही ब्रेकच्या नळीतली हवा बाहेर पडते, इतकेच.

यंत्र बिघडले तर धोक्याच्या नव्हे, सुरक्षिततेच्या बाजूला बिघडले पाहिजे, याला अभियंते फेल-सेफ म्हणतात. त्याच १८७२ सालच्या ऑगस्टमध्ये विल्यम रॉबिन्सन या दुसऱ्या अमेरिकी अभियंत्याला नेमक्या याच तत्त्वावरचे पेटंट मिळाले. ते होते रुळांमधल्या विजेचे, म्हणजेच ट्रॅक सर्किटचे.

ट्रॅक सर्किट म्हणजे काय?

रुळांचा ठरावीक लांबीचा तुकडा दोन्ही टोकांना शेजारच्या रुळांपासून विद्युतदृष्ट्या वेगळा करायचा. एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी जोडायची, दुसऱ्या टोकाला रिले. मार्ग मोकळा असेल तर एका रुळातून जाऊन दुसऱ्यातून परतणारा सौम्य प्रवाह रिलेला उचलून धरतो आणि सिग्नल हिरवा राहतो. त्या तुकड्यावर गाडी आली की चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात. प्रवाह मधल्यामध्येच परत फिरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो.

खरी गंमत पुढे आहे. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळच तुटला, तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल लालच होतो. रॉबिन्सन यांच्या आधीच्या पद्धतीत गाडी आली की विद्युत मंडल जोडले जाई. तार तुटली तर गाडी उभी असूनही मार्ग मोकळा दिसायचा. बंद मंडलाची नवी पद्धत त्यांनी पेनसिल्व्हेनियातील किन्झुआ येथे बसवून दाखवली. अमेरिकी सरकारच्या ब्लॉक सिग्नल मंडळाने १९१०च्या अहवालात रेल्वेची सुरक्षितता आणि वेग यांत ट्रॅक सर्किटइतकी भर घालणारा दुसरा शोध क्वचितच असेल, असा निर्वाळा दिला.

वेस्टिंगहाउस सिग्नलच्या धंद्यात कसे आले?

ब्रेक सुधारल्याने गाड्या वेगाने आणि एकामागोमाग धावू लागल्या. आता पुढची गाडी कुठे आहे हे मागच्या गाडीच्या चालकाला कळणे भाग होते. वेस्टिंगहाउस यांनी १८८१ मध्ये रॉबिन्सन यांच्या पेटंटांवर चालणारी सिग्नल कंपनी आणि इंटरलॉकिंग बनवणारी आणखी एक कंपनी आपल्या ताब्यात घेऊन एकत्र केली. तीच युनियन स्विच अँड सिग्नल कंपनी.

इंटरलॉकिंग म्हणजे सांधे आणि सिग्नल यांची एकमेकांना अशी जखडण, की सांधा चुकीच्या मार्गाला लागलेला असेल तर सिग्नल हिरवा करताच येऊ नये. केबिनमधील माणूस त्या काळी लांबलचक लोखंडी सळ्या आणि तारा जोडलेले जड लिव्हर ओढून सांधे हलवत असे. या कामाला ताकद लागायची आणि अंतराची मर्यादा होती. वेस्टिंगहाउस यांच्याकडे हवा होतीच. ढकलण्याचे काम हवेला आणि हुकूम पोहोचवण्याचे काम विजेला, अशी विभागणी त्यांनी केली. या इलेक्ट्रो-न्यूमॅटिक पद्धतीची अनेक पेटंटे १८८०च्या दशकात त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत. म्हणजे दुसऱ्याची पेटंटे विकत घेऊन पैसा कमावणारा कारखानदार एवढेच त्यांचे वर्णन अपुरे ठरते.

सिग्नल कंपनीतून एसीपर्यंत…

सिग्नलसाठी वीज हवी, म्हणून विजेचे जाणकार हवेत. १८८४ मध्ये वेस्टिंगहाउस यांनी विल्यम स्टॅन्ली या तरुण संशोधकाला याच कंपनीत घेतले. पुढच्या वर्षी गोलार आणि गिब्ज यांचे ट्रान्सफॉर्मर युरोपातून मागवले. ते जसेच्या तसे उपयोगाचे नव्हते. स्टॅन्ली यांनी रचना सुधारली आणि मार्च १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावातील दुकाने एसीवर उजळवून दाखवली. त्याआधी दोनच महिने वेस्टिंगहाउस इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना झाली होती. पिट्सबर्गमधील गॅरिसन ॲलीतली तिची पहिली जागाही आधी सिग्नल कंपनीचीच होती.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. एडिसन यांची डीसी वीज जवळपासच्या वस्तीपलीकडे नेणे महाग पडे. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवून ती दूर नेता येई. वेस्टिंगहाउस यांनी १८८८ मध्ये निकोला टेस्ला यांची पेटंटे घेतली. एडिसन यांच्या गोटातून एसी जीवघेणी असल्याचा प्रचार झाला. १८९० मध्ये पहिली विद्युत खुर्चीची शिक्षा झाली, तीही वेस्टिंगहाउस जनित्रांवर. तरीही १८९३चे शिकागो प्रदर्शन एसीनेच उजळले आणि १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली.

एसीचे सिग्नलवरील उपकार कोणते?

विजेवरच्या रेल्वेमुळे ट्रॅक सर्किटची पंचाईत झाली. डीसीवर धावणाऱ्या गाडीचा प्रवाह रुळांतूनच परततो. त्याच रुळांत बॅटरीचा डीसी सोडला तर रिलेला दोन्हींतला फरक कसा कळणार? गाडी उभी असताना परतीच्या प्रवाहाने रिले उचलला गेला तर सिग्नल हिरवा दिसेल. यावर उपाय म्हणजे ट्रॅक सर्किटच एसीवर चालवायचे आणि फक्त एसीलाच दाद देणारा रिले बसवायचा. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तेव्हा युनियन स्विच अँड सिग्नलने तिथे हीच पद्धत वापरली. सिग्नल कंपनीच्या जागेतून बाहेर पडलेली एसी अशी पुन्हा सिग्नलच्या कामी आली.

मुंबईकरांसाठी हा केवळ अमेरिकेचा इतिहास नाही. बोरीबंदर ते कुर्ला मार्गावर १९२५ मध्ये विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. बोरीबंदर ते भायखळा टप्प्यात १९२८ मध्ये रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल आले. रूळ तेच, अडचण तीच आणि उत्तरही तेच. मुंबईची लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर पूर्णपणे आली ती थेट गेल्या दशकात. तोवर इथे गाडी डीसीवर आणि ट्रॅक सर्किट एसीवर, असा संसार चालू होता.

पदके केव्हा मिळाली?

मोठे सन्मान आले तेव्हा वेस्टिंगहाउस साठीच्या घरात होते. अमेरिकेतील प्रमुख अभियंता संस्थांचे संयुक्त जॉन फ्रिट्झ पदक १९०६ मध्ये त्यांना एअर ब्रेकसाठी मिळाले. पुढच्याच वर्षी आर्थिक संकट कोसळले. कर्जाने विस्तारलेली इलेक्ट्रिक कंपनी ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेली. ब्रेक आणि सिग्नल या जुन्या कंपन्या मात्र तगल्या. इलेक्ट्रिक कंपनीवर पुन्हा ताबा मिळवण्याचे प्रयत्न फसले आणि १९११पर्यंत तिच्याशी त्यांचे नाते संपले. दरम्यान, १९१० मध्ये यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना अध्यक्ष केले होते.

एडिसन यांच्या मित्र-सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये एडिसन पदकाची तरतूद केली होती. ते द्यायचे कोणाला हे विद्युत अभियंत्यांची संस्था ठरवत असे. १९०९ मध्ये एलिहू थॉमसन, १९१० मध्ये फ्रँक स्प्रेग आणि १९११ मध्ये वेस्टिंगहाउस. ज्या कंपनीने एसी घरोघरी नेली ती हातातून गेल्यावर एसीचे पदक आले. १९१२चे पदक स्टॅन्ली यांना आणि १९१६चे टेस्ला यांना मिळाले. म्हणजे एडिसन यांच्या विरोधात उभी राहिलेली जवळजवळ सारी फळी एडिसन यांच्याच नावाने गौरवली गेली. अभियंत्यांच्या संस्थेने बाजारातले वैर बाजूला ठेवले, हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

१२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये वेस्टिंगहाउस यांचे निधन झाले. यादवी युद्धातील सैनिक म्हणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना स्थान मिळाले. युनियन स्विच अँड सिग्नलचा कारभार पुढे इटलीच्या अन्साल्डोमार्फत जपानच्या हिताची समूहाकडे गेला.

सिग्नल अभियंत्यांचे स्वतःचे सन्मान आहेत का?

आहेत. लंडनमध्ये १९१२ साली रेल्वे सिग्नल अभियंत्यांची स्वतंत्र संस्था, आयआरएसई, स्थापन झाली. तिची भारतातही शाखा आहे. माजी अध्यक्ष थॉरोगुड यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या निधीतून संस्थेच्या परीक्षेत चमकणाऱ्या तरुण अभियंत्याला पदक आणि अभ्यासदौऱ्यासाठी मदत मिळते. रॉबर्ट डेल यांच्या नावाचा पुरस्कार लंडनच्या भुयारी रेल्वेतील सिग्नल अभियंत्यासाठी आहे. पीटर विंग यांच्या नावाचा पुरस्कार रुळांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्याला दिला जातो. ही नावे रेल्वेच्या बाहेर फारशी कोणी ऐकलेली नाहीत. पण विजेच्या मोठ्या पदकांमध्ये सिग्नलचे काम हरवते, ते इथे कामाच्या नावानेच ओळखले जाते.

रॉबिन्सन यांच्या वाट्याला एडिसन पदकही आले नाही आणि फ्रिट्झ पदकही नाही. १९०६ मध्ये, म्हणजे वेस्टिंगहाउस यांना फ्रिट्झ पदक मिळाले त्याच वर्षी, रॉबिन्सन यांनी रेल्वेच्या स्वयंचलित विद्युत सिग्नलांचा इतिहास सांगणारे पुस्तक स्वतः लिहून प्रसिद्ध केले. कोणता शोध कोणाचा, कधीचा आणि कुठे बसवला, याचा हिशेब त्यात आहे. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले.